आईच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट: तिथली हवा बघता मुलाला पाठवू का?

कुळागरकार, सावईवेरें

नमस्कार. प्रश्न घरचा आहे, पण त्याचं दुसरं टोक लिस्बनच्या संसदेत आहे, म्हणून इथे विचारतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी फोंडा तालुक्यातला. कुळागर आहे. सुपारी, माड, थोडी मिरी, चार जायफळं. मुलगा २६ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, वेर्ण्याला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. अकरा महिने झाले की काढतात, पंधरा दिवसांनी पुन्हा घेतात. चार वर्षं हेच चाललंय. त्याच्या बाजूच्या मशीनवरचे दोघे पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेले, एक आयर्लंडला, एक जर्मनीला. चवथीला त्यातल्या एकाचा व्हिडिओ कॉल आला आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

कागद निघतात. आईचा जन्म १९४४ चा, डिचोलीचा, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला त्याच्या आधीचा. आधी तिचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत चढवायचा, मग तिचा मुलगा म्हणून माझा, मग माझा मुलगा म्हणून त्याचा. एजंटाने सगळं मिळून जो आकडा सांगितला तो माझ्या दोन वर्षांच्या सुपारीएवढा आहे, पण ते राहू दे.

महिन्यापूर्वी आईच्या जन्माचा तेओर काढून आणला. जुन्या वहीतल्या पानाची प्रत. तिरपी, लांब शेपटांची अक्षरं. आईच्या नावातला ‘श’ त्यांनी एक्स अक्षराने लिहिलाय. नाव अर्थात माहेरचं. लग्नात बदललेलं नाव, जे साठ वर्षं रेशनकार्डापासून मतदारयादीपर्यंत सगळीकडे आहे, ते त्यात कुठून असणार? ती बाई आणि ही बाई एकच, हे दाखवायला वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. आईने चष्मा लावून प्रत हातात घेतली, आपल्या नावाच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता परत दिली.

आता खरं अडतंय ते सांगतो. माझे वडील १९५५ साली १९ वर्षांचे होते. सत्याग्रहाची पत्रकं नेताना सापडले. आधी चौकीवर मार, मग आग्वादच्या तुरुंगात चौदा महिने. उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत पुरती मिटली नाहीत, जेवताना घास बांधता यायचा नाही त्यांना. २०११ साली गेले. ताम्रपट देवघराशेजारच्या भिंतीवर आहे, आईला स्वातंत्र्यसैनिकाची पत्नी म्हणून पेन्शन मिळते. तिच्याच सहीने मी पोर्तुगालचा नागरिक व्हायचं?

तेही मी मनाला समजावलं असतं. वडिलांचं भांडण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीशी होतं. २५ एप्रिल १९७४ ला तिथल्या सैनिकांनीच ती राजवट उलथवली, ती बातमी आल्यावर वडिलांनी वाड्यावर घरोघर साखर वाटली होती, असं आई सांगते. पुढे तर मडगावात मुळं असलेला माणूस, अंतोनियो कॉस्ता, आठ वर्षं त्या देशाचा पंतप्रधान होता. मग आपल्या पोराने तिकडे जायला काय हरकत, असं मी स्वतःलाच म्हणत होतो.

पण आता तिथे शेगा आहे. शेगा म्हणजे ‘पुरे झालं’. आंद्रे व्हेंतुरा यांनी २०१९ साली काढलेला, बाहेरून आलेल्यांच्या विरोधातला अतिउजवा पक्ष. त्या वर्षी संसदेत २३० पैकी १ जागा. २०२२ ला १२. मार्च २०२४ ला ५०. १८ मे २०२५ च्या निवडणुकीत ६०, समाजवाद्यांना मागे टाकून दुसरा क्रमांक. ८ फेब्रुवारी २०२६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत व्हेंतुरा हरले, समोरचे उमेदवार सेगुरू यांना जवळजवळ दोनतृतीयांश मतं पडली. तरी दर तिघांतला एक व्हेंतुरांच्या बाजूने उभा राहिला, हे विसरून कसं चालेल? ‘देव, देश, कुटुंब’ ही सालाझारच्या वेळची घोषणा, तिला ‘आणि काम’ एवढी पुरवणी जोडून हा पक्ष वापरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुलाखतीत व्हेंतुरा बोलले की देश ताळ्यावर आणायला एक सालाझार पुरणार नाही, तीन लागतील. मी ते मोबाईलवर वाचलं तेव्हा समोर भिंतीवर वडिलांचा फोटो होता.

तिथे राहणाऱ्यांनो, मला एवढंच सांगा. रोजच्या जगण्यात हे जाणवतं का? पासपोर्ट हातात असला की माणूस सुटतो, की तोंड बघून ठरवतात? आणि हे पोर्तुगालपुरतं आहे की जर्मनी-आयर्लंडमध्येही तेच? टीव्हीवरचं नको. तुमच्या अंगावरून गेलेलं सांगा.

डिचोलीची लेक, लिस्बन

दादा, मी तुमच्या आईच्या माहेरगावची. २०१७ ला आले, आजोबांच्या नोंदीवर. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते.

मार्तीं मोनीझ चौकाच्या मागे बेनफोर्मोझू नावाची चिंचोळी गल्ली आहे. बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी लोकांची दुकानं. उकडे तांदूळ, कडीपत्ता, तोरीची डाळ मला तिथेच मिळते. १९ डिसेंबर २०२४ ला दुपारी पोलिसांनी ती गल्ली अडवली आणि तिथल्या माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर, असं ओळीने उभं केलं. फोटो जगभर गेले. मी तेव्हा ड्युटीवर होते. रविवारी तांदूळ आणायला गेले तर माझा नेहमीचा दुकानदार गल्ल्यामागून बाहेर आला, तांदळाच्या पोत्यांशेजारच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकवले, पाय फाकवले आणि म्हणाला, असं. एवढंच. मग हात झटकून माझं सामान मोजायला लागला. त्याची लहान मुलगी स्टुलावर बसून बघत होती.

तारीख बघितलीत ना? त्या दिवशी आपल्याकडे सगळीकडे झेंडा फडकत होता. मी आईला फोनवर हे सांगायला घेतलं आणि मला रडू आलं.

पुढच्या ११ जानेवारीला हजारो लोक रस्त्यावर उतरले, ‘आम्हाला भिंतीला लावू नका’ म्हणत. मीही गेले, आणि आश्रमातल्या दोन पोर्तुगीज नर्स माझ्या दोन्ही बाजूंना चालत होत्या. हेही तुम्हाला कळायला हवं.

तेव्हा सरकार शेगाचं नव्हतं, आजही नाही. मोंतेनेग्रू यांच्या मध्यम-उजव्या आघाडीचं आहे. मला जास्त भीती याचीच वाटते, की शेगाला खुर्ची न मिळताही त्यांचं बोलणं सरकारच्या तोंडी येत चाललंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये, इथे राहून नागरिकत्व मिळवायची मुदत बहुतेकांसाठी पाच वर्षांची दहा करणारा कायदा शेगाच्या मतांसकट पास झाला. डिसेंबरात संविधान न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी अडवल्या. तुमच्या मुलाचा मार्ग वंशाचा, त्याला ती मुदत लागू नाही. पण त्याच्या आधी, जुलैत, व्हेंतुरांनी संसदेत उभं राहून एका शाळेतल्या मुलांची नावं वाचली. परक्या देशांची वाटणारी नावं, का तर आपल्या मुलांना जागा मिळत नाही हे दाखवायला. दादा, माझी मुलगी इथेच जन्मली, तिसरीत आहे. त्या रात्री मी तिच्या दप्तरावर लिहिलेलं नाव बघत बसले होते.

तोंड बघून ठरवतात का, तर रस्त्यावर हो. नागरिकाचं कार्ड माझ्या पर्समध्ये असतं, कपाळावर नसतं. गेल्या वर्षी मेट्रोत दोन पोरांनी मला ‘आपल्या देशात जा’ म्हटलं. मी पोर्तुगीजमध्ये उत्तर दिलं तर ते आणखी जोरात हसले. पण कचेरीत, बँकेत, दवाखान्यात तेच कार्ड फार उपयोगाचं. इथे राहायच्या परवान्यासाठी लाखो अर्ज तुंबलेत, माणसं वर्षानुवर्षं कागदाची वाट बघत घरी जाऊ शकत नाहीत. त्या रांगेत मला उभं राहावं लागलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती जरा ऐकून घ्या. माझ्याबरोबर भाजी चिरायला साठीची एक बाई असते, बेजा जिल्ह्यातली. वडील शेतमजूर, पक्के कम्युनिस्ट. बेजा आणि सेतुबाल म्हणजे डाव्यांचे जुने किल्ले. २०२५ ला दोन्ही शेगाने घेतले, पोर्तालेग्रे आणि फारूही. ही बाई शेगालाच मत देते. तिला विचारलं, तर भाषण नाही देत. भाडं सांगते. तिच्या सुनेचं बाळंतपण जवळच्या इस्पितळात होऊ शकलं नाही, प्रसूती विभाग त्या आठवड्यात बंद होता, ते सांगते. तिच्या गावाकडे ओदेमिराच्या बाजूला प्लॅस्टिकच्या हरितगृहांत बेरी तोडायला आपल्याकडचे मजूर येतात, एकेका खोलीत दहा-दहा राहतात, ते सांगते. २०१७ साली या देशात चार लाखांच्या आसपास परके होते, २०२४ अखेर पंधरा लाखांवर गेले, आणि लोकसंख्या सगळी एक कोटी सात लाख. तिला आकडे ठाऊक नाहीत, पण बसथांब्यावर फरक दिसतो.

तिची मुलगी स्वित्झर्लंडमध्ये साफसफाईचं काम करते, म्हणजे तिथे ती परकी. तीही शेगालाच मत देते. निकालाच्या रात्री शेगा आणि समाजवादी ५८-५८ असे बरोबरीत होते. परदेशातल्या पोर्तुगीजांच्या ४ जागांची मोजणी झाली, २ शेगाला गेल्या आणि त्यावर ते पुढे सरकले.

डिसेंबरात ही बाई मला घरची संत्री आणून देते. परके फार झाले म्हणते, आणि मी गप्प झाले की माझ्या दंडाला हात लावून म्हणते, तू नाही गं, तू आमची. तेव्हा मला आमच्या गावची ग्रामसभा आठवते. भाड्याच्या खोल्यांतल्या मजुरांना रेशनकार्ड देऊ नका, भायले, म्हणजे बाहेरचे, वाढले, गाव हातचा चालला, असं माझे सख्खे काका उभे राहून बोलले होते. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. काका वाईट माणूस नाही, दादा. ही बाईही नाही.

पैशाचं थोडक्यात: किमान पगार २०२६ ला महिना ९२० युरो. माझ्या ओळखीत एका खोलीचे साडेचारशे-पाचशे जातात. भाषा न शिकता येऊ नका.

पेडण्याचा, स्विंडन

बाब, मी २०१२ पासून इथे इंग्लंडात, गोदामात. पासपोर्टाबद्दल मला एकच सांगायचंय. माझ्या मावसभावाने बायकोच्या बांगड्या गहाण टाकून पोर्तुगीज पासपोर्ट काढला. हातात आला फेब्रुवारी २०२१ मध्ये. ३१ डिसेंबर २०२० ला, ब्रेक्झिटमुळे, युरोपीय संघातल्या देशांच्या पासपोर्टवाल्यांना इंग्लंडचं दार बंद झालं होतं. आधीपासून इथे राहणाऱ्यांना अर्ज करून राहता आलं, मी राहिलो. तो नुसता पासपोर्ट घेऊन कामाला येऊ शकला नाही. पोर्तुगालने काही बदललं नव्हतं. २३ जून २०१६ ला इथल्या लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायला मत दिलं होतं, आमच्या स्विंडननेही तेच दिलं, आणि साडेचार वर्षांनी त्याच्या घरातलं सोनं वाया गेलं. आज तो जर्मनीत आहे, बरा आहे, पण मधली दोन वर्षं त्याने कशी काढली ते मला माहीत आहे. म्हणून म्हणतो, कर्ज काढून पासपोर्ट काढू नका.

डिचोलीच्या ताईचं ग्रामसभेचं मला पटलं नाही. २०२४ च्या २९ जुलैला साऊथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला. खुनी समुद्रातून होडीने चोरून आलेला परका मुसलमान आहे अशी आवई उठली. पोरगा निघाला कार्डिफमध्ये जन्मलेला. तोवर मशिदीवर दगड पडले होते, आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रय मागायला आलेले परदेशी लोक आत असताना जमावाने हॉटेलला आग लावायचा प्रयत्न केला. ताई, तुमच्या काकांनी कुणाच्या खोलीला काडी लावली नव्हती. त्या आठवड्यात आम्ही रात्रपाळीला चौघे-चौघे एका गाडीतून जायचो. माझ्या गल्लीत काही घडलं नाही, पण माझ्या बायकोने आठ दिवस खिडकीचा पडदा उघडला नाही.

बाहेरून येणाऱ्यांना विरोध करणाऱ्या फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला त्याच जुलैत संसदेच्या निवडणुकीत १४ टक्के मतं आणि ५ जागा मिळाल्या. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत त्यांचे ६७७ नगरसेवक निवडून आले. वाढतायत, नाही म्हणणार नाही. आयर्लंडला असा मोठा पक्ष नाही, तरी २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिनला भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या वकिलातीला सावधगिरीची सूचना काढावी लागली. तेव्हा पक्ष आहे की नाही यावर सगळं ठरत नाही.

तरी मी परत येत नाही. इथे मला कायमची नोकरी आहे, आजारी पडलो तर पगार आहे, मुलगी विद्यापीठात गेली. वेर्ण्याच्या अकरा महिन्यांत हे होणार होतं का?

निवृत्त मास्तर, म्हापसा

कुळागरकार, युरोपात हे सगळे पक्ष एकाच माळेचे मणी समजू नका. मुलगा जायचा तो एखाद्या गावात, एखाद्या कारखान्यात जाणार. तिथलं वेगळं बघा.

इटलीत ज्योर्जा मेलोनी ऑक्टोबर २०२२ पासून पंतप्रधान आहेत. त्यांच्या पक्षाची मुळं मुसोलिनीनंतरच्या फॅसिस्टांच्या वारसांपर्यंत जातात. निवडून आल्या त्या समुद्रातून येणाऱ्या स्थलांतरितांच्या होड्या अडवण्याच्या गोष्टी करून. त्याच सरकारने २०२३ ते २०२५ साठी साडेचार लाख आणि २०२६ ते २०२८ साठी जवळजवळ पाच लाख परदेशी कामगारांना परवाने द्यायचं ठरवलं, कारण द्राक्षं तोडायला आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला माणसं नाहीत. तेव्हा व्यासपीठावरचं आणि कामगार खात्यातलं, दोन्ही वाचायची सवय ठेवा.

जर्मनीत एएफडी या स्थलांतरविरोधी पक्षाला २३ फेब्रुवारी २०२५ ला २०.८ टक्के मतं मिळाली, दुसरा क्रमांक. बाकीचे पक्ष त्यांच्याबरोबर सत्तेत बसत नाहीत, त्याला तिथे ‘आगभिंत’ म्हणतात. मे २०२५ मध्ये देशाच्या घटनारक्षक खात्याने त्यांना उघड अतिउजवा पक्ष ठरवलं, आणि पक्ष त्याविरुद्ध कोर्टात गेला. पण त्यांचा जोर मुख्यतः पूर्वेला, थुरिंगिया, सॅक्सनीकडे, जिथे परदेशी माणसं पश्चिमेपेक्षा कमी आहेत. ज्यांनी शेजारी परका बघितलाच नाही त्यांना त्याची जास्त भीती, असं मी म्हटलं तर घाईचं होईल. बर्लिनची भिंत पडल्यावर तिथले कारखाने बंद झाले, तरुण पोरं पश्चिमेला निघून गेली, मागे राहिलेल्यांच्या मनात तो सल आहे. मुलाला जर्मनीत काम मिळालं तर पगाराआधी राज्य विचारा.

नेदरलँड्समध्ये खेर्ट विल्डर्स यांचा तसाच पक्ष २०२३ साली ३७ जागांनी पहिला आला, सरकारात गेला, जून २०२५ मध्ये विल्डर्स यांनीच ते सरकार पाडलं आणि ऑक्टोबरात पक्ष २६ वर उतरला. फ्रान्समध्ये ल पेन कुटुंब पन्नास वर्षं चढतंय. २००२ ला बापाला राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत १८ टक्क्यांच्या आत मतं होती, २०२२ ला मुलीला ४१ टक्क्यांवर. चढतात तसे उतरतातही, पण सगळीकडे नाही.

आता तुमच्या मनातल्या अपराधाबद्दल. मला तो मान्य नाही. सालाझारने १९३० साली वसाहतींचा कायदा आणून आपल्याला खालच्या पायरीवर बसवलं, आणि जगाचा दबाव वाढला तसं १९५१ साली नुसतं नाव बदलून आपल्या गोव्याला ‘सागरापलीकडचा प्रांत’ केलं. त्या राजवटीच्या हद्दीत तुमच्या आईचा जन्म झाला, यात तिने काही मागितलं नव्हतं. तिच्या नोंदीतून जो हक्क आज निघतो तो घ्यायचा तर ताठ मानेने घ्या, नको असेल तर ताठ मानेने सोडा.

पण कायद्याचं एक नीट ऐका. तुम्ही तीन पायऱ्या म्हणालात, त्यातली मधली तुम्ही स्वतः. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घ्या, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही. लिस्बनला नुसती नोंद चढली तर काय, यावर गोव्यात पुष्कळ वाद झालेत. कुळागर तुमच्या नावावर आहे. एजंटाला विचारू नका, वकिलाला विचारा. आणि आईंच्या पेन्शनीचंही विचारा.

कुळागरकार, सावईवेरें

सगळ्यांचे उपकार. काल संध्याकाळी पडवीत सुपारी निवडत बसलो होतो तेव्हा तुमची उत्तरं मुलाने मोठ्याने वाचून दाखवली. आई खांबाला टेकून ऐकत होती.

मधल्या पायरीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एजंट त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. वकिलाकडे गुरुवारची वेळ घेतलीय. पैसे अजून कुणाला दिलेले नाहीत, आणि पेडण्याच्या भावा, तुझ्या मावसभावाच्या बांगड्या ऐकल्यावर देणारही नाही.

ग्रामसभेचं मला लागलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात, बाहेरच्यांना खोल्या देऊ नयेत, अशा निवेदनावर माझी सही आहे. आमचा पाडेली म्हातारा झाला, त्याची पोरं माडावर चढत नाहीत. आज माझी सुपारी उतरवतो तो पोरगा झारखंडचा, आणि राहतो माझ्याच मांगरात, बागेतल्या खोपीत. मी सही करताना तो मला आठवला नव्हता. माझ्या मनात तो बाहेरचा नव्हताच, ‘आमचा’ होता, अगदी त्या संत्रीवाल्या बाईसारखंच. काडी लावणं वेगळं हे खरं, पण ताई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

मास्तर, तुमचं १९५१ चं वाचून झालं तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “ह्यांना धरलं तेव्हा ह्यांच्या कागदावर पोर्तुगीज लिहिलेलं होतं. मारणाऱ्याच्या कागदावरही पोर्तुगीजच.” मुलगा वाचायचा थांबला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, सही पाहिजे तर देईन, त्याचं लग्नाचं वय चाललंय, त्याला अडवून मला काय मिळणार. पण नातवाकडे बघून पुढे म्हणाली की कागदाच्या भरवशावर जाऊ नको, हातातल्या कामाच्या भरवशावर जा.

मुलगा आता म्हणतो, आपल्याच पासपोर्टवर, कामाचा व्हिसा काढून जर्मनीचं बघू. पणजीला जर्मन भाषेच्या वर्गाची चौकशी करून आलाय, शिगमो झाला की सुरू. पोर्तुगीज कागदाचं वकील काय सांगतो त्यावर. मला स्वतःला विचाराल तर माझी नोंद चढवायला मन अजून धजत नाही.

डिचोलीच्या ताई, आईने तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. तो भिंतीला लावलेला दुकानदार अजून तिथेच आहे ना?

डिचोलीची लेक, लिस्बन

आहे, दादा. परवाच त्याच्याकडून पाच किलो उकडे तांदूळ आणले. मुलगी त्याच स्टुलावर बसून पाढे लिहीत होती, पोर्तुगीजमध्ये. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि विचारा की त्या डिचोलीत कुठल्या वाड्यावरच्या.